सरकारचाच कागद सरकारलाच नेऊन देताना

राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे सुट्टी थोडी लांबते. तेवढ्या दिवसांत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात, गर्दी वाढत जाते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा जाहीर झालेल्या असतात, आणि कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा बाप मजुरी बुडवून, लेकीची टीसी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेतूच्या, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या केंद्राच्या, खिडकीपुढे उभा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, व्हॅलिडिटी. यातला लागणारा एक जरी राहिला तरी राखीव जागा हातची जाते आणि फीचा आकडा घराच्या आवाक्याबाहेर जातो.

शिक्षणातल्या विषमतेचा विषय निघाला की आपण फी, शिकवणी, इंग्रजी माध्यम आणि मोबाइल यांवर बोलतो. त्या अडचणी खऱ्याच आहेत. पण त्यांच्यावर उपाय म्हणून ज्या सवलती कायद्याने दिल्या, त्या घ्यायला गेले की दुसरीच अडचण सुरू होते. आपण गरीब आहोत, अमुक जातीचे आहोत, अमुक गल्लीत राहतो हे सिद्ध करावे लागते. आणि सिद्ध करायला लागणारा जवळपास प्रत्येक कागद सरकारच्याच कुठल्या तरी कपाटात असतो. तो एका सरकारी इमारतीतून काढायचा आणि दुसऱ्या सरकारी इमारतीत नेऊन द्यायचा, हे काम राज्याने ज्याच्याकडे सगळ्यात कमी वेळ, कमी पैसा आणि कमी शिक्षण आहे त्याच्यावर टाकले आहे. मला हे अन्यायाचे वाटते, आणि तो अन्याय नेमका कुठे कुठे बसतो हे तपशिलात पाहिल्याशिवाय दिसत नाही.

सुरुवात जातीच्या कागदापासून करू, कारण सगळ्यात अवघड तोच. अनेक पालकांना वाटते दाखला एकदा काढला की संपले. ते दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला जातीचा दाखला, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचा. दुसरा, त्या दाखल्याची पडताळणी करून समितीने दिलेले वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी. शिष्यवृत्तीच्या बऱ्याच कामांना पहिला पुरतो. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी दुसरे लागते. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्ग यांची जिल्हा समिती सामाजिक न्याय भवनात, दीक्षाभूमीच्या जवळ. आदिवासींची समिती गिरीपेठेत, आदिवासी विकास भवनात. सिव्हिल लाइन्स धरून ही तिन्ही ठिकाणे एका दुपारी ऑटोने फिरून येतील. कागदाला तेवढेच अंतर कापायला महिने लागतात.

पडताळणी नकोच, असे मी म्हणणार नाही. खोट्या दाखल्यावर मिळवलेली प्रत्येक जागा खऱ्या हक्कदाराच्या पोराच्या तोंडचा घास असते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली ती याच कारणाने, आणि पुढे महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. प्रश्न आहे तो पुरावा गोळा करण्याचा भार कोणावर, एवढाच.

पुराव्याची सगळी भिस्त एका तारखेवर असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला आपले घराणे आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते आणि त्याची जात ही होती, हे कागदाने दाखवायचे. २००८ साली जन्मलेल्या मुलीसाठी हा कागद बापाचा नसतो. तो आजोबांचा असतो, कधी पणजोबांचा.

विदर्भात असा कागद सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. प्राथमिक शाळेचे दाखल खारीज रजिस्टर. तहसीलच्या अभिलेखागारातले कोतवाल बुक, ज्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. शेत असेल तर जुने अधिकार अभिलेख. कोणी सरकारी किंवा रेल्वेच्या नोकरीत असेल तर सेवापुस्तकाचे पहिले पान. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होते, त्यामुळे जुन्या नोंदींत हिंदी भेटते, काही ठिकाणी मोडी. आणि नाव बरेचदा आडनावाशिवाय असते, ‘शामराव वल्द गणपत’, म्हणजे गणपतचा मुलगा शामराव, एवढेच. इथे पहिली गाडी अडते. आजोबांच्या टीसीवर आडनाव नाही, बापाच्या टीसीवर आहे. दोघे बापलेक कशावरून? मग वंशावळ लिहून द्यायची, तिला शपथपत्राचा नमुना ३ लावायचा, माहिती खरी असल्याचा नमुना १७ जोडायचा, आणि दोन पिढ्या जोडणारा तिसरा कागद, म्हणजे जुने रेशनकार्ड, मतदार यादी किंवा मालमत्तेचा फेरफार, शोधायचा. वंशावळीत नाव लिहिताना एक नियम पाळावा: कागदावर जसे आहे तसेच. आजोबा रजिस्टरात ‘सुकदेव’ असतील तर वंशावळीत ‘सुखदेव’ करू नये. दोन्ही नावे वापरात असतील तर ‘सुकदेव ऊर्फ सुखदेव’ असे शपथपत्रात स्पष्ट लिहावे. एका ‘ख’पायी त्रुटीत पडलेला अर्ज पुढच्या सुनावणीपर्यंत तसाच पडून राहतो.

दाखल खारीज रजिस्टर एकदा नीट उघडून पाहण्यासारखे आहे. लांबट पाने, कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. रकाने असे: अनुक्रमांक, मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, बापाचा धंदा, जन्मगाव, जन्मतारीख, कोणत्या वर्गात दाखल, आणि शेवटी खारीज केल्याची तारीख व कारण. हा शेवटचा रकाना वाचवत नाही. पहिलीत दाखल, दुसरीत खारीज, कारण: ‘सतत गैरहजर’. पहिलीत दाखल, पहिलीतच खारीज, कारण: ‘गाव सोडले’. बापाच्या धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’ लिहिलेले असले की पुढचे समजते. जो पोरगा या ओळीत शाळेबाहेर पडला, त्याच्या नातीला आज इंजिनिअरिंगची जागा मिळवून देणारी ओळ तीच आहे. तिच्यातला जातीचा रकाना कामाचा ठरतो, आणि शेजारचा कारणाचा रकाना कोणी वाचतही नाही.

आणि ही ओळ तरी ज्याच्या नशिबी आहे त्याचे बरे. ज्यांच्या घरात आजोबाही शाळेत गेले नाहीत, जमीन कधी नव्हती, नोकरी कोणाला लागली नाही, त्यांच्याकडे १९५० च्या आधीचा कागद येणार कुठून? जितके घराणे वंचित, तितका त्याचा पुरावा विरळ. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरींनी नागपूर-कामठीच्या वाटेवर हमाली केली, आणि पुढे अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली. अशा शाळेच्या पटावर जिचे नाव चढले तिच्या घरात अक्षर तर आलेच, सरकारदरबारी नोंदही आली. ज्यांच्यापर्यंत अशी शाळा पोचली नाही ते दोन्हींना मुकले. अशा घरांनी कोतवाल बुकापासून सुरुवात करावी, कारण जन्म आणि मृत्यू भूमिहीनाच्या घरीही होतात. गावाचे नाव, पटवारी साझा आणि अंदाजे साल सांगून तहसीलमध्ये नक्कल मागता येते. साल नक्की माहीत नसेल तर मागचीपुढची तीन-चार वर्षे अर्जात लिहावीत, नाहीतर ‘नोंद आढळली नाही’ असा शेरा येतो आणि तो शेरा पुढे आपल्याच विरुद्ध वापरला जातो.

गावची शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर रजिस्टर कुठे गेले ते पंचायत समितीत गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारावे. शहरातल्या बंद मनपा शाळेचे महापालिकेच्या शिक्षण विभागात. उतारा घेताना त्यावर रजिस्टरचा अनुक्रमांक, जावक क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का आहे ना, हे तिथल्या तिथेच पाहावे. आणि विचारून मूळ पानाचा फोटो काढून घ्यावा. घरात वडिलांकडच्या रक्तनात्यात, म्हणजे बाप, सख्खा काका, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कोणाकडे व्हॅलिडिटी असेल तर तिची प्रत आधी मागावी. अर्जाला तिच्याइतके बळ दुसऱ्या कशानेही येत नाही. भाऊबंदकीत जमिनीवरून अबोला असतो आणि ही प्रत मिळत नाही, हेही होते. पोरांसाठी तेवढा अबोला सोडावा.

नागपुरात या प्रश्नाला इथला म्हणून एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि लाखो घरांच्या धर्माचा रकाना बदलला. आजोबांच्या नोंदीत ‘हिंदू, महार’, वडिलांच्या टीसीवर नुसते ‘बौद्ध’, मुलीच्या टीसीवर ‘नवबौद्ध’. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. त्यामुळे आज हक्काला बाधा नाही. पण कागदांची साखळी दाखवावी लागते: आजोबांचे जातीचे पान, वडिलांचे बौद्ध लिहिलेले पान आणि दोघांचे नाते. तिन्ही एकत्र लावले की अर्ज सहसा सुटतो. वडिलांचे ‘बौद्ध’ एवढेच लावले की अडतो. मुलगी शाळेत आहे तोवरच तिच्या नोंदीत काही चुकले असेल तर दुरुस्त करून घ्यावे. टीसी हातात पडल्यावर मूळ नोंद बदलणे फार कठीण होते.

हलबा आणि गोवारी समाजाची गोष्ट याहून जड आहे. नागपूरच्या विणकर वस्त्यांतल्या कोष्ट्यांच्या पिढ्यांनी हलबा, म्हणजे यादीतली अनुसूचित जमात, म्हणून दाखले काढले. २८ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने मिलिंद प्रकरणात सांगितले की राष्ट्रपतींच्या यादीत जे आहे तेच वाचायचे, चौकशी करून त्यात भर घालता येत नाही. ज्याच्या प्रवेशावरून ते प्रकरण उभे राहिले त्याची मेडिकलची पदवी न्यायालयाने वाचवली, पण मागून येणाऱ्या पोरांना आदिवासी म्हणून व्हॅलिडिटी मिळणे थांबले. गोवारींनी तर आदिवासी म्हणून आपल्या ओळखीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात विधिमंडळावर मोर्चा आणला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मधल्या काळात झालेले प्रवेश तेवढे राखले. म्हणजे एकाच घरातल्या मोठ्या बहिणीला जो प्रवर्ग मिळाला तो धाकट्या भावाला मिळत नाही, आणि याचे कारण त्याला समजावून सांगणारे घरात कोणी नसते. अशा घरांना माझे सांगणे एवढेच, की विशेष मागास प्रवर्गाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. समाजाची मागणी समाजाने लढावी, पोराचे वर्ष त्यात अडकू देऊ नये.

सीमेवरचे शहर म्हणून आणखी एक गुंता. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून आलेली कुटुंबे नागपुरात दोन-दोन पिढ्या राहिली आहेत. जात तीच, भाषा मिसळलेली. १० ऑगस्ट १९५० ला छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पण घर त्या तारखेला आजच्या सीमेपलीकडे होते म्हणून त्यांच्या पोरांना इथे राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत. स्थलांतरिताचा दाखला मिळतो आणि त्याचा उपयोग केंद्राच्या सवलतींपुरता.

सगळ्यात वाईट अवस्था नवऱ्याने टाकलेल्या बाईची होते. पोरगी तिने एकटीने वाढवली, चार घरची धुणीभांडी करून शिकवली, आणि कागद मात्र बापाकडचा पाहिजे. सासरचे दार बंद. ‘तुझ्या पोरीसाठी आम्ही काहून कागद देऊ?’ आईने एकटीने वाढवलेल्या मुलांना आईच्या जातीचा दाखला द्या, असे न्यायालयांनी काही प्रकरणांत सांगितले आहे. पण न्यायालयात जाणे हीच तिच्यासाठी अशक्य गोष्ट असते. तोवर एक वाट अशी की बाप ज्या शाळेत शिकला ती माहीत असेल तर मुलीच्याच नावाने, तिचा जन्मदाखला जोडून, बापाच्या नोंदीचा उतारा मागायचा. जन्मदाखल्यावर बापाचे नाव असते, नाते त्यातूनच सिद्ध होते. सासरच्यांची परवानगी त्याला लागू नये. शाळेने नाही म्हटले तर नकार लेखी मागावा.

हे सगळे बारावीच्या निकालानंतर जूनमध्ये करायला घेतले तर होत नाही. अकरावी विज्ञानला प्रवेश झाला की त्याच सत्रात कॉलेजकडून पडताळणीसाठीचे पत्र, ज्याला सगळे पंधरा-ए म्हणतात, घेऊन अर्ज भरावा. हातात दीड वर्ष राहते. शिकलेल्या घरात हे माहीत असते, कारण मोठ्या भावाचे झालेले असते. पहिल्या पिढीच्या पोराला ते बारावीच्या मे महिन्यात कळते.

उत्पन्नाच्या दाखल्याचे काम त्या मानाने सोपे, पण त्यात एक गोष्ट मला खुपते. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांसाठी खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकाला वर्षाला १ लाख रुपयांची मर्यादा आहे. दिवसाची मजुरी ६०० रुपये आणि महिन्याचे २५ दिवस काम धरले तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. म्हणजे बांधकामावरच्या मजुराने खरे सांगितले तर तो गरीब ठरत नाही. पटवाऱ्यापुढे कमी आकडा सांगायला त्याला कोण लावते, याचे उत्तर ती मर्यादा ठरवणाऱ्याने द्यावे.

आता याच २५ टक्क्यांकडे येऊ. अर्ज ऑनलाइन, जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात, लॉटरी लागते, मग पडताळणी समिती कागद पाहते. यात सगळ्यात जास्त घात करतो तो नकाशावरचा लाल फुगा. अर्जात घराची जागा गुगल नकाशावर दाखवायची असते, आणि त्या ठिकाणापासून शाळेचे अंतर मोजले जाते. १ किलोमीटरच्या आतल्यांना पहिली संधी. ऑनलाइनवाल्याच्या दुकानात बसून अर्ज भरला की फुगा आपोआप त्याच्या दुकानावर पडतो. वस्तीतली गल्ली नकाशावर नावाने सापडत नाही, मागे रांग असते, दुकानदार ‘जवळपास’ म्हणून चौकावर फुगा ठेवतो. लॉटरीत नाव लागते, घरात पेढे येतात, आणि पडताळणीत पत्ता आणि फुगा जुळत नाही म्हणून प्रवेश रद्द. लॉटरीनंतर दुरुस्ती नाही. उपाय फुकटचा आहे: अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी फोन घेऊन स्वतःच्या दारात उभे राहावे, नकाशा उघडून आपल्या ठिकाणावर बोट दाबून धरावे, खाली जे दोन लांबलचक आकडे येतात ते कागदावर उतरवून घ्यावे आणि दुकानात तेच टाकायला लावावे. एका मुलाचा एकच अर्ज भरावा. लॉटरी लागेल या आशेने दोन भरले की दोन्ही जातात. आणि शेवटचे ‘कन्फर्म’चे बटण दाबल्याची पावती हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

भाड्याने राहणाऱ्याला याहून कठीण. त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तोही अर्जाच्या तारखेआधीचा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, वर मुद्रांक, वर करून देणाऱ्याचे पैसे. हा खर्च एकवेळ जमतो, पण झोपडपट्टीतला घरमालक सही करत नाही, कारण बरेचदा त्याच्याच नावावर जागा नसते. म्हणजे सगळ्यात कच्च्या घरात राहणारे पोर सगळ्यात आधी बाहेर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून मोकळीक दिली. ६ मे ला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द झाला. निकाल बरोबर लागला, पण तोवर शाळा सुरू होऊन गेल्या होत्या, आणि दाराशी ताटकळत कोण उभे होते, तर सहा वर्षांचे मूल.

आत गेल्यावरही सगळे सुरळीत होत नाही. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो आणि घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात, बाप रात्री आठला घरी. डायरीतली सूचना इंग्रजीत. ‘उद्या रंगीत कपडे’ हे न कळल्याने मूल एकटेच गणवेशात जाते. सरकार शाळेला या मुलांची प्रतिपूर्ती देते, वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत, तीही रखडत. त्याचा राग शाळेने मुलावर काढू नये एवढी तरी अपेक्षा असावी. आणि आठवी संपली की हा हक्क संपतो. नववीत पूर्ण फी. त्याच सुमारास सरकारी आणि अनुदानित शाळांतली आठवीची मुले एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देतात, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण खासगी विनाअनुदानित शाळेत शिकतो म्हणून हा मुलगा तिला बसूच शकत नाही. आठ वर्षे सवलतीत शिकवून नेमके नववीच्या तोंडाशी सोडून द्यायचे, ही रचना कोणी मुद्दाम केली नसेल, पण कोणी दुरुस्तही केली नाही. आठवीच्या दिवाळीतच पालकांनी जवळच्या चांगल्या अनुदानित शाळेत नववीसाठी चौकशी करून ठेवावी.

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसा खात्यात पडेलच असे नाही. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरून मिळणारे, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात असा समज आहे. ते जातात आधारला शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात. मधे कोणी वस्तीत शिबिर लावून नवे खाते उघडून दिले असेल तर पैसा तिकडे पडतो, आणि पोरगी जुन्या पासबुकात महिनोन्महिने नोंद शोधत राहते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते. अर्ज भरण्याआधी ते पाहावे. दुसरा अडथळा ‘स्मॉल अकाउंट’चा. पुरेशा कागदांशिवाय उघडलेल्या अशा खात्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही, वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. मोठी फी परत येणार असेल तर पैसा उलटा फिरतो. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करून खाते साधे करून घ्यावे. आणि पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात हे नववीतच उरकावे. दहावीनंतर प्रवेशाच्या धावपळीत अंगठा जुळत नाही म्हणून रडायची वेळ येते.

खेड्यातून नागपुरात शिकायला आलेल्या, सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. नागपूरसाठी वर्षाला ६० हजार: जेवणाला ३२, राहण्याला २०, निर्वाहाला ८ हजार. योजना चांगली आहे. पण खोलीवाला जूनमध्ये डिपॉझिट मागतो आणि हप्ता येतो सत्र बरेच पुढे गेल्यावर. मधले महिने उसनवारीवर. उसने देणारे कोणी ज्याच्या मागे नाही, तो योजनेला पात्र असूनही गावी परत जातो. उत्तर नागपुरातल्या अनेक बुद्धविहारांत वस्तीने स्वतः अभ्यासिका चालवल्या आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पुस्तक उघडवत नाही तेव्हा पोरांना तिथे पंखा आणि शांतता मिळते.

कामठी, कोराडीच्या बाजूला वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबाबत शाळांनी एवढे तरी लक्षात ठेवावे: टीसी आली नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, वयाचा दाखला नाही म्हणूनही नाही, आणि सत्र अर्धे झाले म्हणूनही नाही. कायद्यात तिन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. जाताना त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे पुढच्या गावी पुन्हा पहिलीत बसवत नाहीत.

हा भार कमी करणे अवघड नाही. दाखल खारीज रजिस्टर शाळेत आहे, कोतवाल बुक तहसीलमध्ये आहे, समितीही सरकारचीच आहे. त्यांनी आपसात कागद मागवावेत, अर्जदाराने फक्त गाव आणि आजोबांचे नाव सांगावे. तोवर शाळा आणि कॉलेजांना करता येईल असे एक काम आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सेतूत गर्दी नसते. आठवी ते अकरावीच्या वर्गशिक्षकांनी त्या दिवसांत मुलांची यादी करावी: कोणाकडे जातीचा दाखला आहे, कोणाकडे नाही, कोणाच्या घरी व्हॅलिडिटी आहे, आधारवरचे आणि शाळेतले नाव जुळते का. नाही त्यांच्या पालकांना रविवारी बोलवून कागदांची यादी मराठीत लिहून द्यावी. बापाची एक खेप वाचली की ६०० रुपये आणि ऑटोचे भाडे वाचते. गावची शाळा, तहसील, सेतू, शपथपत्र, समिती आणि त्रुटी धरून सहा खेपा सहज होतात.

शपथपत्रासाठी स्टॅम्पपेपर विकणारे भेटतील. जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांच्या शपथपत्राला २००४ पासून मुद्रांक माफ आहे; साध्या कागदावर चालते. अर्ज दिला की क्रमांकाची पावती घ्यावी. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस आहे. ती उलटली किंवा अर्ज नाकारला तर २०१५ च्या सेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत पहिले अपील करता येते, आणि अपील कोणाकडे करायचे हे कार्यालयातल्या फलकावर लिहिलेले असते. नकाराचे कारण लेखी देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि अर्जात मोबाइल नंबर ऑनलाइनवाल्याचा टाकू देऊ नये. त्रुटीचा मेसेज त्याच नंबरवर येतो, तो शंभर जणांच्या मेसेजांत बुडतो, आणि आपल्याला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. घरचा नंबर द्यावा, तो प्रवेश होईपर्यंत बदलू नये, आणि युजर आयडी-पासवर्ड मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच हाताने लिहून ठेवावा.